सातवीला आणायला

सांगली

आमच्या हॉलमधलं काचेचं कपाट बघितलं की नवा पाहुणा हमखास विचारतो, "नातवंडं किती?" नातवंड एकही नाही. ती खेळणी माझी आहेत. माझी आणि माझ्या मुलीची, मुक्ताची. मी शाळेत भूगोल शिकवते, केस पिकलेत, चष्म्याचा नंबर वाढतोय, आणि तरीही विनाइलची खेळणी जमवते. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

ही खेळणी म्हणजे जत्रेतली प्लॅस्टिकची बाहुली नव्हे. एखादा चित्रकार मनातलं एक पात्र घडवतो, त्याचा साचा करतो, मोजकेच नग काढतो आणि साचा मोडून टाकतो. नवं कधी निघणार याची बातमी आधी पसरते आणि त्या सकाळी ठिकठिकाणचे वेडे फोन हातात धरून बसतात. आम्ही मायलेकीही बसायचो. दोन फोन, दोन कप चहा आणि पडद्यावर गरगर फिरणारं ते चक्र. बहुतेकदा चक्र थांबलं की 'संपले' अशी पाटी दिसायची आणि चहाही तोवर थंड झालेला असायचा. मुक्ताचे बाबा पेपरमागून म्हणायचे, "लग्नाला स्थळ बघतानाही तू एवढी कासावीस झाली नव्हतीस."

त्यात आमची सगळ्यात लाडकी मालिका 'पेंगुळ'. महाराष्ट्रातल्याच एका चित्रकर्तीनं केलेली, मुठीत मावतील एवढी सात पात्रं. सगळी झोपेला आलेली. माठाला टेकून डुलक्या काढणारं मांजर, दप्तराची उशी करून आडवी झालेली मुलगी, डालग्यावरच मान टाकलेली कोंबडी. ही पात्रं बंद खोक्यात येतात. आत कोण आहे ते उघडेपर्यंत कळत नाही. खोक्याच्या पाठीवर सहा जणांची चित्रं असतात आणि सातवीच्या जागी नुसती काळी सावली. ही सातवी फार थोड्या खोक्यांत घातलेली असते. आमच्या ओळखीत ती कुणीही बघितलेली नव्हती.

त्या सावलीवरून आमचा खेळ चालायचा. खाली रुंद, वर निमुळती, मध्ये एक फुगवटा. मुक्ता म्हणायची, ते कपड्यांचं गाठोडं आहे आणि त्यावर कुणीतरी झोपलंय. मी म्हणायचे, ती बसल्या बसल्या पेंगणारी म्हातारी आहे. मुक्ता शाळेत होती तेव्हापासूनचा हा वाद. सातवी मिळाली की दोघींनी शेजारी बसून खोका उघडायचा, एकटीनं डोकवायचंसुद्धा नाही, असं ठरलं होतं. पुढे त्या चित्रकर्तीनं खेळणी करणंच थांबवलं. आमचे सहा जण झाले आणि सातवीची आशा आम्ही सोडून दिली.

मग मुक्ताला जर्मनीत नोकरी लागली. संक्रांतीच्या आधीच जायचं होतं. घरात बॅगा उघड्या पडल्या, काट्यावर त्यांची वजनं होऊ लागली आणि मी दिवसभर सूचना देत फिरू लागले. कामाच्या सूचना सोडून दुसरं काही मला तिच्याशी बोलताच येईना. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या संग्राहकांच्या गटावर उमरग्याच्या बसवराजचा निरोप आला. उमरग्यातल्या एका दवाखान्यात तो एक्स-रे काढतो. त्याच्याकडे 'पेंगुळ'चा एक न उघडलेला खोका होता. डॉक्टरांना विचारून त्यानं चक्क त्या खोक्याचा एक्स-रे काढला होता.

"ताई, फोटो पाठवत न्हाई, तुमची मजा जाईल," तो फोनवर म्हणाला. "पण खोक्याच्या मागची सावली आणि फिल्मवरची सावली एकावर एक ठिवून बघितली. तंतोतंत. सातवीच हाय."

तो फक्त बैल जमवतो. जगात कुठंही विनाइलचा नवा बैल निघाला की याच्या कानाशी घंटा वाजते. आमच्याकडे एक काळा, पाठीवर निळी झूल असलेला बैल होता, आता कुठंही न मिळणारा. त्याच्या बदल्यात तो सातवी द्यायला तयार होता, पण कुरियरनं नाही. "हातानं नेली तर देतो," म्हणाला.

मुक्तानं बैल कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "जा आई. मला कागदपत्रांमुळं हलता येत नाही. पण उघडू नकोस हं."

सगळ्यांना मी सांगत होते की मालिका पूर्ण करायला चालले आहे. खरं म्हणजे लेक जायच्या आधी तिच्या शेजारी बसून एकदा खोका उघडायचा होता. तेवढ्यासाठी मी सोलापूरची गाडी धरली.

उमरगा

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की आभाळ मोठं होतं. आमच्याकडे ऊस दोन्ही बाजूंनी नजर अडवतो. इथं ज्वारी कमरेच्या वर आली होती, तिच्यामागं तूर, मध्येच करडईचा काटेरी पट्टा, आणि जमीन काळी, ओल धरून बसलेली. नळदुर्ग मागं पडलं तसा बसमधला गलका कमी होत गेला. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत बैल.

उमरग्याला उतरले आणि वाटलं, चुकीच्या गावात उतरले की काय. दुपार अजून व्हायची होती आणि बाजारातलं एकूण एक शटर खाली. हॉटेलांच्या भट्ट्या थंड. एरवी ट्रकांनी गजबजलेल्या त्या रस्त्याच्या कडेला एक गाय निवांत बसून रवंथ करत होती. घरांना कुलपं. कुठं दंगा नाही, कुठं पोलीस नाही, नुसतं कोवळं ऊन पडलेलं. सगळं गाव कुणीतरी उचलून दुसरीकडे नेऊन ठेवावं तसं. मला भीती वाटायला हवी होती, पण उलट पावलांचा आवाज होऊ नये म्हणून मी हळू चालायला लागले.

कोपऱ्यावर एकच रिक्षा उभी होती आणि तिचा मालक रफीकभाई सीट झटकत होता. त्याला विचारलं, काय झालंय गावाला?

"कुछ न्हाई झालं ताई," तो हसला. "आज येळवस हाय. गावात मानूस मिळायचा न्हाई तुम्हाला. सगळे शेतात. मीबी आत्ता निघालोच व्हतो, दोस्ताच्या शेतात दावत हाय."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. हे नाव मी पुस्तकात वाचलं होतं, वर्गात शिकवलंही होतं. पण त्या दिवशी अख्खं गाव कुलूप लावून रानात जातं, हे भूगोलाच्या बाईंना रफीकभाईनं सांगावं लागलं. बसवराजला फोन लावला तर तिकडून त्यानं कपाळावर मारलेला हात मला ऐकू आला. "अरारा! ताई, उद्या येणार असं धरून बसलो की मी! आता असं करा, रफीकभाईला फोन द्या." दोघांचं बोलणं झालं आणि रिक्षा रानाकडे वळली. रफीकभाईनं भाड्याचं नाव काढू दिलं नाही. "आजच्या दिवशी रानात कुनीबी पावनाच असतो," म्हणाला.

रानात

रस्ता सोडून गाडीवाटेला लागलो तशी माणसं दिसू लागली. प्रत्येक शेतात एक झाड, झाडाखाली गोतावळा, धूर, हसणं. वाऱ्यावर कुठून कुठून हाका येत होत्या, पण हाक मारणारा दिसत नव्हता. ज्वारीच्या पानांचा आवाज सगळ्यावर पसरलेला. मी अर्धवट जागेपणी काहीतरी बघते आहे असं वाटत राहिलं.

बसवराज बांधावर उभा होता. तिशी उलटलेला, बारीक मिश्यांचा, गडबडलेला. त्याच्यामागून त्याची आई आली, अव्वा. कपाळावर विभूती, त्याखाली ठसठशीत कुंकू, डोईवरून पदर. मला आपादमस्तक बघून ती मुलाला म्हणाली, "तू म्हनलास खेळनी नेनारी येनार. म्या म्हनलं कुनी पोरसोर असंल. ही तर आपल्यासारखी बाई हाय." मग माझा हात धरून म्हणाली, "चला, आधी लक्ष्मीला नमस्कार करा."

कडब्याच्या पेंढ्यांची एक छोटी खोप केली होती. आत चुना लावलेले पाच दगड, त्यांच्यापुढं नैवेद्य, आंबिलीचं बिंदगं, म्हणजे लहान घागर, आणि त्याच्या गळ्यात फुलांची माळ. उभ्या पिकाला पोटुशी बाई मानतात आणि तिचे डोहाळे पुरवायचे म्हणून हा सण, असं अव्वानं मला समजावलं. आमच्याकडे पीक म्हणजे टनात मोजायची वस्तू झाली आहे. इथं बसवराजचे वडील, अप्पा, ज्वारीच्या ताटांवर आंबील शिंपडत शेताला फेरी घालत होते, तोंडानं काहीतरी पुटपुटत, अगदी जपून, घरात कुणी आजारी असावं तसे.

आणि जेवण! तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, पालेभाज्या, चिंच, ताक आणि बेसन एकत्र शिजवून केलेली भज्जी. हे नाव ऐकून मी आपली तळलेल्या भज्यांची वाट बघत होते, आणि पत्रावळीवर हिरवीगार दाट भाजी येऊन पडली. पहिल्याच घासाला मी डोळे मिटले. सोबत बाजरीचे उंडे, धपाटे, शेंगांची पोळी, गव्हाची खीर. आणि आंबील. आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसणाचा वास येणारी, बिंदग्यातून ओतलेली. थंडगार. मी ती पाण्यासारखी प्याले. बसवराज म्हणाला, "ताई, जरा दमानं. आंबील झोपवती."

मी म्हटलं, "मास्तरीण आहे मी. दुपारच्या तासाला चाळीस पोरं झोपतात, मी नाही झोपत."

फुशारकी मारली आणि बाभळीखालच्या घोंगडीवर टेकले, एवढंच आठवतं. स्वप्नात आमचं कपाट रानात आलं होतं. काचा नव्हत्या. मांजर, कोंबडी, दप्तरवाली मुलगी, सगळी ज्वारीच्या ओळींमध्ये जिथं जागा मिळेल तिथं झोपली होती आणि वारा त्यांच्यावरून जात होता. सातवी कुठंतरी जवळच होती, पण मान वळवली की ती पलीकडच्या ओळीत जायची. मला तिची घाई नव्हती. इतकी गाढ मी कित्येक महिन्यांत झोपले नव्हते.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अव्वा माझ्या उशाशी बसून पदरानं माशा वारत होती.

"तुम्ही नाही झोपलात?" मी ओशाळून विचारलं.

"पावनी निजल्यावर कुनीतरी जागं नगं व्हय?" ती म्हणाली आणि पुन्हा पदर हलवू लागली.

मग तिनं माझ्या घरची चौकशी केली. मी मुक्ताबद्दल सांगितलं. जर्मनी, नोकरी, विमान. अव्वानं विचारलं, "मग लेकीसंगं काय देनार?"

"बॅगेचं वजन ठरलेलं असतं अव्वा. जास्त काही देता येत नाही. सगळं तिकडं मिळतं."

"मिळतं की," ती म्हणाली. "मिळनं येगळं आन् देनं येगळं. आमच्या घरात लेक वाटं लावली की ती पोचल्याचा सांगावा येस्तवर आई पाठ टेकत न्हाई. माझी सासू न्हाई टेकली, म्या न्हाई टेकली. आता फोन आल्यात, सांगावा लवकर येतो. आधी दोन-दोन दिस बसून काढल्यात आमी."

मी हसले. मनात म्हटलं, विमान चौदा तास, त्यात मधलं थांबणं, आणि मला गुडघेदुखी. पण तिचं बोलणं डोक्यातून गेलं नाही.

संध्याकाळी गावात त्यांच्या घरी गेलो. मुक्काम न करता निघण्याची भाषा मी काढली ती कुणी कानावरच घेतली नाही. बसवराजचं कपाट म्हणजे गोठाच होता. लाल, पांढरे, चौकोनी, हसरे, एक तर ढगावर बसलेला, पण सगळे बैल. मी कागद सोडून आमचा काळा बैल त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो दिव्याखाली धरून असा फिरवला की मला बैल दिल्याचं दुःख राहिलं नाही. मग त्यानं आतून खोका आणला. लहानसा, निळा, कोपरे जराही न दबलेले, झाकणावर गोल चिकटपट्टी जशीच्या तशी. कान लावून मी तो अगदी हळू हलवला. आत काहीतरी मऊ सरकलं.

"ही फिल्म बघता?" त्यानं मोठा तपकिरी लिफाफा पुढं केला.

"नको, नको!" मी डोळ्यांवर हात घेतला. दारातून बघणाऱ्या अव्वाला माझं हे वागणं फार आवडलं असावं. तिनं खोका हातात घेतला, पाठीवरच्या सावलीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "किती वर्सं हाय ही आपल्या घरात?"

"झाली की पाच-सहा," बसवराज म्हणाला.

"आन् उद्या जानार," अव्वा म्हणाली. तिनं खोका भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली.

सकाळी निघताना तिनं मला पाटावर बसवून माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. हळद दाखवून म्हणाली, "तुमच्या सांगलीचीच हाय. दुकानदार शपथ घिऊन सांगतो." मग माझ्या पिशवीत खोका आपल्या हातानं ठेवला, वरून मऊ फडकं घातलं आणि पिशवीचं तोंड बांधून दिलं. "दमानं न्या," म्हणाली. बसमध्ये चढेपर्यंत ती पिशवीकडे बघत होती.

तुळजापूर

वाटेत तुळजापूरला उतरायचं ठरवलंच होतं. हात-पाय धुवायला एका लॉजची खोली घेतली आणि राहवेना म्हणून पिशवीची गाठ सोडली. खोका नुसता बघायचा होता, उघडायचा नव्हता. फडकं बाजूला केलं. झाकणावरची गोल चिकटपट्टी मधोमध कापलेली होती. झाकण पुन्हा बसवून वरून पांढऱ्या दोऱ्याचे वेढे दिलेले. फटीतून हळद लावलेला तांदळाचा दाणा दिसत होता.

तेवढ्यात बसवराजचा फोन आला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "ताई, अव्वानं खोका उघडला हो! पहाटं, मी झोपेत असताना. मला आत्ता कळलं. म्हनं लेक घरातनं मोकळी कशी लावायची. तिची ओटी भरली. हळदीकुंकू लावलं, ताई, विनाइलला! मी काय बोलू? तुमचा बैल मी परत घिऊन येतो. आजच्या आज येतो."

त्याच्यामागून अव्वाचा शांत आवाज आला, "का रडतो रं? पोरगी वाटं लावली म्या, कुनाची चोरी न्हाई केली."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच राग आला. संग्राहकाच्या दृष्टीनं उघडलेला खोका म्हणजे संपलंच, आणि विनाइलवर पडलेली हळद कशानंही जात नाही. पण त्याचंही मला इतकं काही वाटलं नाही. मुक्ताच्या शेजारी बसून पहिल्यांदा बघायचं होतं, ते गेलं. ते आता बैल परत आणूनही मिळणार नव्हतं. लेक चार दिवसांत जाणार आणि तिला द्यायला माझ्याजवळ होतं काय, तर कुणीतरी आधीच उघडलेला खोका. बसवराजला "नंतर बोलते" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवून कॉटवर बसून रडले. आत डोकवावं, आता काय राहिलंय, असंही मनात आलं. पण दोऱ्याला हात लावला नाही. निदान मी तरी दिलेला शब्द पाळावा, एवढाच हट्ट शिल्लक होता.

तोंड धुऊन देवळात गेले. पिशवी खांद्याला. महाद्वाराच्या बाहेर नेहमीची झुंबड, कवड्यांच्या माळा, कुंकवाचे ढीग, परड्या घेऊन बसलेल्या बायका. पण आत शिरल्यावर रांगेतला आवाज खाली आला. देवी निजली होती. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उतरते आणि शेजघरात पलंगावर निजते. त्यातली ही पौषातली निद्रा. इतर देवांच्या मूर्ती एकदा बसवल्या की हलत नाहीत. ही हलते, थकते, झोपते. त्या दिवसांत अभिषेक बंद असतात आणि येणाऱ्यानं निजलेल्या आईलाच बघून जायचं.

माझ्यापुढं एक म्हातारी होती, अक्कलकोटकडची. तिनं नेहमीच्या सवयीनं "आई राजा उदे उदे" म्हणायला तोंड उघडलं आणि आत बसलेल्या पुजाऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं. "हळू आई. निजल्यात त्या." म्हातारीनं पटकन तोंडाला पदर लावला आणि हातानंच उदे उदे केलं. मग मी पुढं सरकले. मंद उजेड, तेलाचा गोड वास, मखमली पांघरूण आणि पलंगाशेजारी बसलेला तो पुजारी, रात्रीच्या जागरणानं डोळे तांबारलेले. मला मागायचं काहीच सुचलं नाही. पिशवी पोटाशी घट्ट धरली आणि पुढच्या धक्क्याबरोबर बाहेर आले.

पायऱ्यांवर बसून पेढा खाताना राग कुठं गेला ते कळलं नाही. त्या बाईनं माझं काही बिघडवायचं म्हणून खोका उघडला नव्हता. पाच-सहा वर्षं घरात राहिलेली एक पोर दारातून जाताना रिकामी जाऊ नये, एवढंच तिनं बघितलं होतं. आणि मी माझ्या पोटच्या पोरीला बॅगेचं वजन सांगत होते. बसवराजला फोन करून म्हटलं, "बैल ठेवून घे. अव्वाला सांग, पोचल्यावर कळवते."

"लगेच कळवा ताई," तो म्हणाला. "ती खाटंवर बसून हाय. तुम्ही गेल्यापास्नं पाठ टेकली न्हाई तिनं."

पुन्हा सांगली

घरी पोचल्याबरोबर पहिला फोन उमरग्याला केला. "पोचली," म्हटलं. पलीकडून अव्वा म्हणाली, "बरं झालं. आता निजते," आणि फोन बंद.

मग मी मुक्ताला सगळं सांगितलं. ती कापलेल्या चिकटपट्टीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हिचा चेहरा पडणार.

"म्हणजे आपल्याआधी तिच्या घरच्यांनी बघितलं," ती म्हणाली. "मग बरोबरच आहे की. माहेरच्यांनीच आधी बघायचं असतं. ये, बस."

दोघी जमिनीवर बसलो. तिनं दोरा सोडला. आधी पिवळे तांदूळ मांडीवर सांडले, मग हळकुंड, सुपारी, खोबऱ्याचा तुकडा आणि खणातून कापलेली बोटभर चिंधी, तिला नीट दुमडून टीप घातलेली. त्या सगळ्याच्या मध्ये सातवी होती. घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन, गुडघे पोटाशी धरून बसलेली एक पोर. गाठोडंही नाही आणि म्हातारीही नाही, म्हणजे दोघीही हरलो होतो. कपाळावर कुंकवाचा ठिपका, दोन्ही गालांवर हळद. मुक्तानं तिला उजेडात धरलं.

"आई, ही झोपलेली नाहीये."

खरंच नव्हती. डोळे टक्क उघडे, थोडे दमलेले, कुणाकडे तरी लक्ष ठेवून असल्यासारखे. रंगवलेले डोळे एक्स-रेत दिसत नाहीत आणि सावलीतही दिसत नाहीत. इतकी वर्षं आम्ही सातवी कशी झोपली असेल यावर भांडत होतो आणि ती झोपलेल्यांची राखण करत जागी बसली होती. फक्त अव्वाला ते आधी कळलं होतं, आणि तिनं ते मला सांगितलं नव्हतं.

मी सवयीनं रुमाल ओला करायला उठले. मुक्तानं हात धरला. "राहू दे हळद. आणि आई, ही मी नेऊ? तिकडं खोलीत एकटीच असणार मी."

मालिका पूर्ण करायला मी दोन जिल्हे ओलांडून गेले होते. ती एक संध्याकाळभरही पूर्ण राहिली नाही. "ने," म्हटलं, आणि तेव्हा मला रडू आलं ते लपवलं नाही. मुक्ताही रडली. आठवडाभर आम्ही दोघी याच रडण्याला बॅगा बांधणं म्हणत होतो.

ती निघाली त्या दिवशी मी तिला पाटावर बसवलं. तिचे बाबा म्हणाले, "विमानात तांदूळ चालतात का बघा आधी." मी मूठभर तांदूळ आणि एक हळकुंड रुमालात बांधून तिच्या ओंजळीत दिलं. वजन काही फार वाढलं नाही.

कपाटात आता सहा जण आहेत. सातवीच्या जागी रिकामा निळा खोका ठेवला आहे, सावलीची बाजू पुढं करून. मुक्ताचं विमान उडालं तशी मी कपाटासमोरच्या खुर्चीत येऊन बसले. तिचे बाबा दोनदा येऊन म्हणाले, जरा आडवी हो, पोचली की फोन करेलच. मी म्हटलं, तुम्ही झोपा. काचेमागं मांजर माठाला टेकलं होतं, कोंबडीनं मान टाकली होती. त्यांची राखणदार लांब गेली होती. म्हणून मी गुडघे पोटाशी घेतले, अंगावर शाल ओढली आणि सांगावा येईपर्यंत बसून राहिले.